‘शुभ प्रभात’ इतके थेंब

चि. सौ. मुंगीस,

मामाचे आशीर्वाद. मी, खाली सही करणारा, तुझ्या आईचा पाठचा भाऊ, घरात ‘टाचणीमामा’ व कचेरीत नुसता ‘काका’ म्हणून ओळखला जाणारा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, सध्या सलाईनची यंत्रे तयार करणाऱ्या कंपनीत प्रमाणन अधिकारी, हे पत्र पूर्ण शुद्धीत आणि संपूर्ण गोंधळात लिहीत आहे. पत्राचा हेतू एकच असून तो योग्य जागी येईल. आधी सांगितला तर तू मधला मजकूर वाचणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. (लहानपणी गोष्ट सुरू होण्याआधीच तू ‘राजा शेवटी मरतो का तेवढं सांग’ म्हणायचीस.) तुझ्या मानेचे दुखणे कसे आहे? उशी बदललीस, की अजून पुस्तकावरच डोके ठेवून झोपतेस? जावईबापूंचा खोकला गेला असल्यास कळव. गेला नसल्यासही कळव. तुझ्या मामीची प्रकृती उत्तम आहे, आवाज तर त्याहून उत्तम आहे. माझ्या प्रकृतीविषयी पुढे लिहीन. फोन न करता पत्र लिहिण्याचे कारण असे, की फोनवर तू ‘मामा, मुद्द्यावर या’ म्हणतेस. कागदाला तसे म्हणण्याची सोय नाही.

तू महाविद्यालयात संगणक शिकवतेस, तेव्हा खालील विषय तुला नवा नसेल. मला तो नवा होता, आणि मन लावून समजून घेतल्यानंतर अधिकच नवा झाला आहे. माझे काम तुला ठाऊक आहे. कंपनीतून कोणतेही यंत्र माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही, आणि न समजलेल्या कागदावर मी सही करत नाही. इतकी वर्षे या दोन वाक्यांवर माझे बरे चालले होते. आमचे जुने यंत्र साधे होते. त्याला एकच मेंदू होता. तो आधी थेंब मोजी, मग पडद्यावर आकडा दाखवी, मग पुन्हा थेंब मोजी. नव्या यंत्राला दोन मेंदू दिलेले आहेत: एक फक्त थेंबांकडे पाहतो, दुसरा फक्त पडद्याकडे. (एका माणसाचे काम दोघांना दिले की काय होते, हे कोणत्याही कचेरीतील कोणीही सांगू शकले असते. पण आम्हाला विचारतो कोण?) या दोघांवर देखरेख करणारा जो गाभा (म्हणजे मूळ आज्ञावली) आहे, त्यात स्मृतीचे कप्पे वाटून देणारा एक भाग असतो. त्याला ही मंडळी अ‍ॅलोकेटर म्हणतात, आणि तेही अशा सुरात, की पहिला आठवडाभर मी त्याला कर्मचारी समजत होतो. ‘अ‍ॅलोकेटर आज पुन्हा गडबडला’, ‘दोघांनी एकदम मागितलं की त्याला सुचतच नाही’, हे रोज कानावर पडे. शेवटी मी थोरल्या साहेबांकडे लेखी शिफारस पाठवली, की सदर गृहस्थांवर कामाचा ताण फार असून त्यांना काही दिवस रजा द्यावी. शिफारस नोटीस बोर्डावर लागली. ती तिथे कोणी लावली, याची चौकशी मी अद्याप बंद केलेली नाही.

गाभ्याचे काम पाहणारा जो तज्ज्ञ आहे, त्याला सगळे ‘दाढी’ म्हणतात. दाढी वाढली की समजायचे, गाभ्यात बिघाड आहे. सध्या ती छातीपर्यंत आली आहे. त्याने मला बिघाड दाखवला तो असा. तपासणीच्या खोलीत यंत्र एका खांबाला लावलेले असते, नळी एका निळ्या बादलीत सोडलेली असते, आणि बादली म्हणजे रुग्ण असे आम्ही धरतो. त्या दिवशी दोन्ही मेंदूंनी एकाच क्षणी कप्पा मागितला. अ‍ॅलोकेटरने दोघांनाही तोच कप्पा दिला. एकाने त्यात थेंबांचा वेग लिहिला. त्यावरच दुसऱ्याने पडद्यावरचा ‘शुभ प्रभात’ हा संदेश लिहिला. आणि यंत्राने मिनिटाला ‘शुभ प्रभात’ इतके थेंब सोडायला घेतले. तो आकडा किती, ते कोणी सांगू शकले नाही. पण बादली भरून वाहिली, माझे बूट भिजले, आणि खांबावर पडदा अत्यंत आदबीने शुभ प्रभात म्हणत उभा होता. बादलीच्या जागी माणूस असता तर, हा विचार त्या खोलीत सर्वांच्या मनात आला आणि कोणीही तो बोलून दाखवला नाही.

‘काका, याला शर्यत म्हणतात,’ दाढी म्हणाला. ‘दोघं रिकामा कप्पा बघतात, दोघांना तो रिकामाच दिसतो, दोघं घेतात.’ मी म्हटले, मला हे प्रत्यक्ष दाखवा. तेव्हा दाढी आणि तपासणीच्या बाई अशा दोघांनी एक खुर्ची मध्ये ठेवली, दोन टोकांना उभे राहिले, आणि दोघांनी एकदम येऊन तीत बसायचे असे ठरले. मी रुमाल खाली केला. दोघे धावत आले, खुर्चीपाशी थबकले, आणि दाढी म्हणाला, ‘बसा ना तुम्ही.’ बाई म्हणाल्या, ‘नाही नाही, तुम्ही बसा, तुम्ही सकाळपासून उभे आहात.’ पुन्हा रुमाल, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, ‘अहो, आपल्याला बसायचं नाहीये, आदळायचं आहे!’ आणि दाढी म्हणाला, ‘हो, पण तुम्ही आधी आदळा.’ अखेर खुर्चीवर मी बसलो. मला त्यातून एवढेच समजले, की सभ्य माणसांत शर्यत लागत नाही, सबब गाभ्याला सभ्यता शिकवली म्हणजे झाले.

ती कशी शिकवायची, तर माझ्या पद्धतीने. मी अट घातली, की यापुढे प्रत्येक कप्पा देताना पोच लिहिली जावी: कोणी मागितला, कोणाला दिला, परत केव्हा आला. दाढीने कपाळाला हात लावला, पण केले. आणि मुंगी, बिघाड गेला! यंत्र दिवसचे दिवस चालले. बादली शहाण्यासारखी भरत राहिली. थोरल्या साहेबांनी सर्वांना बोलावून भाषण केले, की जे संगणकवाल्यांना महिनोन्‌महिने जमले नाही ते वाणिज्य शाखेने एका पोचपावतीत करून दाखवले; आणि मला एक टेबलावरचे घड्याळ बक्षीस दिले. (घड्याळ चांगले आहे. सेकंदकाटा लाल आहे.) तुझ्या मामीने ही बातमी इमारतीत अशी पोचवली, की वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य मला जिन्यात अडवून त्यांच्या संगणकाविषयी सल्ला विचारू लागले. मी सल्ला दिलाही. दाढी मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो बादलीकडे पाहत होता.

मग यंत्र बाहेर पाठवायची वेळ आली. इतक्या पोची लिहीत बसलेले यंत्र थेंब उशिरा मोजते, असे आढळल्याने पोची काढल्या. काढल्या, आणि दुपारच्या चहापर्यंत बादली पुन्हा वाहिली. पोची घातल्या, बिघाड नाही. काढल्या, बिघाड हजर. मी दाढीला म्हटले, म्हणजे माझ्या पोचीने गुण येतो हे तर सिद्ध आहे? तो म्हणाला, ‘काका, राग मानू नका. तुमच्या पोची लिहिताना एक मेंदू अडकून पडतो, तेवढ्यात दुसरा कप्पा घेऊन निघून जातो. म्हणून ते आदळत नाहीत. बिघाड गेला नव्हता. तुम्ही बघत होतात म्हणून तो लाजत होता.’ ते घड्याळ मी त्याच दिवशी टेबलावरून खणात ठेवले. मामीला अजून सांगितलेले नाही. दंतवैद्यांनाही नाही.

यानंतर दाढीने कुलपे आणली. (खरी नव्हेत, गाभ्यातली. मी मागणीपत्रकाचा कागद घेऊन गेलो होतो, तो परत आणला.) प्रथम सगळ्या कप्प्यांना मिळून एकच कुलूप: किल्ली ज्याच्या हाती तोच आत जाणार, दुसऱ्याने दारात थांबायचे. शर्यत संपली, पण यंत्र इतके मंद झाले, की थेंबांना पडद्याची वाट पाहावी लागे. मग दोन कुलपे केली, आणि यंत्र पूर्णच थांबले. पहिल्याच्या हाती एक किल्ली, त्याला हवी दुसरी. दुसऱ्याच्या हाती दुसरी, त्याला हवी पहिली. दोघेही कमालीच्या शिस्तीने वाट पाहत उभे. मी म्हटले, असे वर्तन कोणी शहाणा करील यावर माझा विश्वास नाही. दाढी हसला नाही. त्याने फक्त विचारले, ‘काका, तपासणीचा अहवाल कुठे आहे?’ आता तो अहवाल कुठे होता, तर बाईंकडे. माझा नियम असा, की अहवाल आल्याशिवाय आवृत्तीवर शिक्का मारायचा नाही. बाईंचा नियम असा, की शिक्का मारलेली आवृत्ती आल्याशिवाय अहवाल लिहायचा नाही. (हा नियमही मीच त्यांना घालून दिला होता, आणि त्याबद्दल त्यांची प्रशंसाही केली होती.) त्यामुळे त्या आठवड्यात सोमवारपासून मी त्यांच्या अहवालाची आणि त्या माझ्या शिक्क्याची वाट पाहत होतो. रोज जिन्यात एकमेकांना नमस्कार करत होतो. मी मनात म्हणे, बाई किती संथ. त्या मनात काय म्हणत, ते त्यांनी नंतर बोलून दाखवले, पण ते येथे लिहिण्याजोगे नाही. तुझ्या मामीला हे सांगितले, तर ती म्हणाली, ‘यात नवीन काय? आपल्या घरात आंघोळीला आधी कोणी जायचं, यावर तुम्ही आणि तुमचे बंधू असेच टॉवेल घेऊन उभे असायचात.’

आता दाढीने नवी रचना केली आहे. दोन्ही मेंदूंना आपापले थोडेथोडे कप्पे आधीच देऊन ठेवलेले असतात. ते संपले तरच सामाईक कोठारात जायचे. आणि कुलपे कितीही असली तरी दोघांनीही ती ठरल्या क्रमानेच उघडायची. हे मला समजले. समजल्याचा आनंद इतका झाला, की मी घरी कपाटांच्या किल्ल्यांनाही क्रम लावला. (कोठीची किल्ली तेव्हापासून सापडत नाही.) नवे यंत्र चालू आहे. बादली शांत आहे. थोरले साहेब म्हणतात, ‘काका, आता कुठे अडलंय? उद्या शुक्रवार. सही करा आणि मोकळे व्हा.’ आणि अडले ते इथेच. यंत्र बिघडते तेव्हा त्यात दोष असतो, हे मान्य. पण ते बिघडत नाही तेव्हा दोष नसतो, हे आता कोणत्या तोंडाने मान्य करू? माझ्या पोची होत्या तेव्हाही ते बिघडत नव्हते. टाळ्याही वाजल्या होत्या. आयुष्यभर मी असे समजत आलो, की नीट लक्ष ठेवले म्हणजे चूक होत नाही. इथे लक्ष ठेवले म्हणजे चूक दिसत नाही, एवढेच होते. आणि या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते मला माझ्या भिजलेल्या बुटांनी शिकवले.

मी हे दाढीला बोलून दाखवले आणि म्हटले, त्या खुर्चीच्या खेळात तुम्ही आदळत नव्हता, कारण कोणीतरी नेहमी किंचित आधी पोचत होते. जो आधी पोचेल त्याला खुर्ची रिकामी आहे एवढे पाहू द्या, आणि बसण्याआधी त्याचा सदरा धरून ठेवा. दुसरा आला की सोडा. मग पाहू आदळतात की नाही. दाढीचे डोळे चमकले असे मला वाटले. पण तो म्हणाला, ‘ही पद्धत जुनीच आहे काका, आम्ही ती करणारच होतो.’ (‘करणारच होतो’ हा प्रयोग मला कचेरीत फार आढळतो.) ते काही असो, त्याने आधीच्या आणि नव्या अशा दोन्ही रचनांत ठिकठिकाणी असे सदरे धरून ठेवले. आधीच्या रचनेत बादली दर खेपेला वाहिली. एकदाही चुकली नाही. नव्या रचनेत एकदाही वाहिली नाही. सही करावी असे मला प्रथमच वाटले. मग रात्री जेवताना मनात आले, की सदरे धरले ते दाढीला जी ठिकाणे सुचली तिथे. जे सुचले नाही, त्याचे काय? मामी म्हणाली, ‘आमटीत माशी शोधताय का?’ मी कारण सांगितले नाही.

तरी तू मान सांभाळून राहावे, मुलांना माझे आशीर्वाद सांगावेत, आणि पत्र मिळाल्याचे कळवावे. मी सुखरूप आहे. फक्त गोंधळलेला आहे.

तुझा,
टाचणीमामा
स्थळ: कचेरी, जिन्यालगतची खोली
गुरुवार, दि. १४ मार्च

ता. क. १. हेतू राहिला. मला येत्या सोमवारी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी चौकातल्या रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. शस्त्रक्रिया किरकोळ आहे, असे ती ज्यांची नाही ते सर्व सांगतात. याच रुग्णालयाने आमचे नवे यंत्र पहिल्यांदा घेण्याचे कबूल केले आहे. म्हणजे मी उद्या सही केली, तर ते यंत्र सोमवारी तिथे लागेल, आणि पहिला रुग्ण म्हणून बादलीच्या जागी मी असेन. कचेरीत हे कोणालाही ठाऊक नाही. रजेच्या अर्जात मी ‘घरगुती कारण’ लिहिले आहे, आणि पोट घरचेच असल्याने त्यात खोटे काही नाही. तर तू रविवारी यावेस आणि सोमवारी माझ्या खाटेशेजारी बसून, सेकंदकाट्याचे घड्याळ हातात धरून, थेंब मोजावेस, एवढीच विनंती. मामीला मोजायला बसवता येत नाही. ती मध्येच नर्सशी बोलू लागते. — टा. (गुरुवार)

ता. क. २. सही केलेली नाही. आज थोरले साहेब सर्वांसमोर म्हणाले, ‘काका, तुम्ही स्वतः या यंत्रावर झोपाल की नाही, तेवढं सांगा!’ मी म्हटले, झोपणारच आहे, सोमवारी, सकाळी. मग सगळे सांगावे लागले. साहेब पाण्याचा पेला शोधू लागले. आणि काल ‘शंभर टक्के, काका’ म्हणणारा दाढी भिंतीकडे पाहत म्हणाला, ‘काका, मला दोन दिवस द्या.’ मी विचारले, बादलीला शंभर टक्के आणि मला दोन दिवस, हे कसे? तो म्हणाला, ‘बादलीला मी काका म्हणत नाही.’ साहेबांनी दोन दिवस दिले. म्हणजे सोमवारी माझ्या खाटेला जुनेच यंत्र असेल. त्याला एकच मेंदू आहे, शर्यत लावायला दुसरा कोणी नाही. तेव्हा तू येण्याचे कारण उरले नाही, येऊ नयेस. ता. क. १ खोडणे माझ्या पद्धतीत बसत नाही, सबब तो रद्द समजावा. — टा. (शुक्रवार)

ता. क. ३. दाढीला आणखी एक जागा सापडली. कप्पे घेताना नव्हे, परत करताना: दोघे एकच कप्पा दोनदा परत करत, आणि अ‍ॅलोकेटर तो पुढे दोघांना रिकामा म्हणून देई. तिथे सदरा धरल्याबरोबर बादली वाहिली. बाई ओरडल्या, ‘सापडला, सापडला!’ आणि आम्ही तिघे पाण्यात उभे राहून इतके हसलो, की साहेब बघायला आले. काल सही केली असती तर, हे याही वेळी कोणी बोलले नाही. दाढीने ती जागा दुरुस्त केली आहे, आणि पुढच्या जागा शोधायला तो मुदत मागत नाही, नुसता शोधतो आहे.

दुसरे असे. गुरुवारी मी आंघोळीला गेलो असताना मामीने ता. क. १ वाचला, आणि तुला फोन करून ‘लगेच नीघ’ म्हणून सांगितले, असे तिने आज दुपारी जेवताना सांगितले. तोवर मला हे ठाऊक नव्हते. कळताच मी नियम मोडून तुला ‘येऊ नकोस’ सांगायला फोन केला, तर तो लागेना, कारण त्याच वेळी तू मामीला ‘गाडीत बसले’ म्हणून सांगत होतीस. म्हणजे तू घरातून निघालीस, आणि हे पत्र तुझ्या घराकडे निघणार. दोघांची वाटेत गाठ पडणार नाही. सबब हे पत्र मी टपालात टाकत नाही. तू ज्या खोलीत उतरशील तिथल्या उशीवर ठेवत आहे. (उशी नवी आहे, मानेसाठी.)

आता आलीच आहेस, तर सोमवारी बस. जुन्या यंत्रात असला बिघाड होणे शक्यच नाही, असे दाढी म्हणतो, आणि त्याचे म्हणणे मला पूर्णपणे समजले आहे. तरी थेंब मोज. बक्षिसाचे घड्याळ मी खणातून काढून तुझ्या खाटेजवळ ठेवले आहे. ते माझ्या हक्काचे नाही, पण त्याचा सेकंदकाटा चांगला चालतो. वाहिले काही, तर आधी नळी चिमटीत धर, मग नर्सला हाक मार. क्रम तोच ठेव.

या आठवड्यात प्रमाणपत्र माझ्यासमोर तीनदा आले आणि तीनदा कोरे परत गेले. खालील सही मी समजून करत आहे.

टाचणीमामा
स्थळ: घर, पाहुण्यांची खोली
शनिवार, दि. १६ मार्च